पाद्र्याच्या अंगावरचा निळा कोट

पुण्यातल्या एका वस्तीत बुद्धविहाराला लागून वाचनालयाची खोली आहे. या खोलीत एका पाद्र्याचे चित्र लावावे की लावू नये, यावरून गेल्या पावसाळ्यात मोठा वाद झाला. चित्र वस्तीतल्याच एका हौशी चित्रकाराने काढलेले. तरुण मंडळींनी मला बोलावले. मी चित्रकलेचा माणूस नाही. माझे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. पण एक कार्यकर्ता म्हणाला, "सर, तुम्ही कवितांवर लिहिता, मग हे चित्रही एकदा वाचा की." मला नाही म्हणता आले नाही. दोन संध्याकाळी मी त्या चित्रासमोर बसलो. तिथे जे दिसले, जे ऐकले आणि घरी येऊन जे पुस्तकांत ताडून पाहिले, ते येथे मांडतो आहे.

एका हौशी चित्राला एवढी पाने कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्या चळवळीने कवितेची समीक्षा केली, आत्मकथनांची केली, पण आपल्या भिंतींची समीक्षा अजून केली नाही. आपल्या वस्तीतला मुलगा पुस्तक उघडण्याच्या कितीतरी आधी भिंतीवरची तसबीर पाहतो. त्याची पहिली बाराखडी तीच असते. भिंतीवर कोण आहे, कोणाशेजारी आहे आणि कोण नाही, हे सारे तो न शिकवता शिकतो. तेव्हा भिंतीवर काय लावायचे हा सजावटीचा प्रश्न नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे.

आता चित्राविषयी. चित्र पत्र्यावर आहे, अडीच फूट उंच आणि दोन फूट रुंद. रंग दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो एनॅमलचा. एक मध्यमवयीन गोरा माणूस खुर्चीवर बसला आहे. गळ्याशी पाद्र्यांची पांढरी गोल कॉलर, डोळ्यांवर चष्मा, अंगात निळा कोट. डाव्या हातात जाड पुस्तक छातीशी धरलेले आणि त्याच्या पाठीवर 'मराठी व्याकरण' ही अक्षरे. उजवा हात मांडीवर आहे, त्यात टाक आहे, पण टाक लिहीत नाही. मध्येच थांबला आहे. मान वळलेली. डोळे आपल्याकडे पाहत नाहीत. चौकटीच्या बाहेर, उजवीकडे आणि किंचित वर, कोणाकडे तरी ते लागलेले आहेत. मागे पर्वतीची टेकडी आणि पायऱ्या. खाली ओळ: 'रेव्ह. डॉ. जॉन स्टीव्हन्सन, विद्वान पाद्री. म. फुले यांचे गुरू.'

चित्रकाराचे नाव मी देत नाही, कारण त्यांनीच ते देऊ नका म्हणून सांगितले. वस्ती त्यांना काका म्हणते. एका कारखान्याच्या रंगखात्यात त्यांची तीस वर्षे गेली. सुटीच्या दिवशी दुकानांच्या पाट्या, आणि १४ एप्रिलच्या आधी महिनाभर, रात्री जागून, बाबासाहेब. किती बाबासाहेब रंगवले याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. पुढे फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवणाऱ्यांचा धंदा बसला. जयंतीचे बाबासाहेबही छापून येऊ लागले. काकांचे ब्रश डब्यात पडले. मग महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने एके दिवशी त्यांना सांगितले की, पुण्यात एक पाद्री होता आणि त्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी विठोबाच्या भक्तांचा बुद्धाशी संबंध जोडला होता. काकांनी डबा उघडला.

नातीने सांगितले ते खरे आहे. जॉन स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडचा मिशनरी. १८२० नंतरच्या दशकात तो इकडे आला. कोकणात बाणकोट-हर्णै भागात आणि मग पुण्यात त्याने काम केले. १८३३ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, म्हणजे त्यानंतरचे. पुढे मिशन सोडून तो सरकारी धर्मोपदेशक झाला आणि मुंबईला गेला. १८४२ मध्ये त्याने केलेले सामवेदाच्या संहितेचे भाषांतर लंडनला प्रसिद्ध झाले. १८४८ मध्ये जैनांच्या कल्पसूत्राचे भाषांतर आले. कान्हेरी आणि नाशिक येथील लेण्यांचे शिलालेख त्याने वाचायला घेतले. १८५८ मध्ये तो वारला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने दख्खनमधल्या ब्राह्मणपूर्व उपासनेवर लेखमाला लिहिली. वेताळाच्या दगडांची गावाबाहेरची वर्तुळे, त्यांना फासलेला रंग, त्यांची पूजा यांची नोंद त्यात आहे. आणि १८४३ मध्ये त्याने विठ्ठलभक्तांवर लेख लिहिला. त्यात त्याने या भक्तांना जे नाव दिले ते 'बौद्ध-वैष्णव'.

हे नाव ऐकून काका का हलले, हे पुण्याच्या वाचकाला सांगायला नको. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच होय असे मत मांडले होते. त्यावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचण्याचा आपला मनोदयही त्यांनी बोलून दाखवला होता. ते काम पुरे झाले नाही. दोन वर्षांच्या आत बाबासाहेब गेले. काकांचे वडील त्या दिवशी देहूरोडला होते. घरात ती गोष्ट सणासारखी सांगितली जात असे. तेव्हा बाबासाहेब जे बोलले त्याच्या आसपासचे काहीतरी एका गोऱ्या पंडिताने एकशे अकरा वर्षे आधी छापून ठेवले होते, हे कळल्यावर काकांना वाटले की याची तसबीर झालीच पाहिजे.

पहिली हरकत आली ती कलेच्या बाजूने. वस्तीजवळच्या शाळेतले चित्रकलेचे एक शिक्षक आले होते. त्यांनी नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले की मान जाड झाली आहे, हात लहान आहे, खुर्चीचे मागचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि टेकडी पाद्र्याच्या खांद्यावर बसल्यासारखी दिसते. हे सारे बरोबर आहे. मी आणखी एक भर घालतो. पाद्र्यांची ती गोल कॉलर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. स्टीव्हन्सनच्या पिढीचे स्कॉटिश धर्मोपदेशक गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या लावत. खालची ओळही चुकीची आहे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले ते १८४१ ते १८४७ या काळात. तेव्हा स्टीव्हन्सनने पुणे सोडून काही वर्षे झाली होती. जोतीरावांच्या शिक्षणकाळात पुण्याच्या मिशनमध्ये होते ते जेम्स मिचेल. गुरू म्हणून ज्याचे नाव घातले त्याची आणि जोतीरावांची गाठ त्या शाळेत पडलेली नाही. ही ओळ पुसली पाहिजे, असे मी काकांना सांगितले. जोतीरावांना मोठे करण्यासाठी कोणा साहेबाचे शिष्यत्व त्यांच्या गळ्यात अडकवण्याची गरज नाही. त्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, ती कोणाची आज्ञा होती म्हणून नव्हे.

पण हात लहान आहे म्हणून चित्र लहान ठरते काय? येथे मला आपल्या सौंदर्यविचाराचा मुद्दा मांडायचा आहे. व्यक्तिचित्राची जी मोजमापे आपल्याला शाळेत शिकवली जातात, ती आभाळातून पडलेली नाहीत. पुण्यात युरोपियन धाटणीचे चित्रकाम शिरले ते पेशवाईत, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने. जेम्स वेल्स हा चित्रकार तेव्हा येथे होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने मॅलेटसाठी चित्रे काढली. पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कला शाळा सुरू झाली आणि ही मोजमापे अभ्यासक्रमात गेली. तैलरंगातले मोठे चित्र कोणाचे होई? गव्हर्नरचे, संस्थानिकाचे, दात्याचे, न्यायमूर्तीचे. ज्याच्याकडे बसायला वेळ आणि द्यायला पैसा, त्याचे. चित्रातला माणूस समोर पाहतो, आणि पाहणाऱ्याने खाली मान घालावी अशी ती मांडणी असते. या परंपरेत आमचे पूर्वज कोठे होते? असलेच तर चित्राच्या कडेला, चवरी धरणारे, घोडा धरणारे. त्यांचे हात मात्र मापात काढलेले असत.

काकांना ही परंपरा कोणी शिकवली नाही. त्यांची परंपरा दुसरी आहे. बाबासाहेबांच्या छायाचित्रावर खडूने चौकटी पाडायच्या, तितक्याच चौकटी पत्र्यावर पाडायच्या आणि एकेक चौकट मोठी करत जायची. हे काम त्यांनी इतक्या वेळा केले आहे की कोटाची कॉलर, बाहीची घडी, पुस्तक धरणारी बोटे त्यांच्या हातात बसली आहेत. स्टीव्हन्सनच्या वेळी अडचण अशी झाली की चौकटी पाडायला छायाचित्रच नव्हते. त्यांनी या माणसाचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चौकटींवाचून चित्र काढले. आणि काय झाले? पाद्र्याच्या अंगावर बाबासाहेबांचा कोट चढला.

तो कोट नीट पाहा. निळा आहे. तीच रुंद कॉलर, खांद्यावरून येणारी तीच घडी. पुस्तक छातीशी धरण्याची रीत तीच. तिथे संविधान असते, येथे व्याकरण आहे. चष्म्याची काच तशीच गोल. शिक्षक म्हणाले, ही सवयीची चूक आहे. सवय आहेच. पण त्या सवयीला अर्थ आहे. वस्तीच्या चित्रकाराच्या मनात 'विद्वान माणूस' म्हटल्यावर कोणती आकृती उभी राहते? पगडी नाही, सोवळे नाही, झगा नाही. सुटाबुटातला, पुस्तक धरलेला महार उभा राहतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या शहरात विद्वान म्हटले की दक्षिणेच्या रांगेतला शास्त्री आठवत असे. त्या जागी एका पिढीने दुसरी आकृती आणून बसवली, आणि ती इतकी पक्की बसली की आता खुद्द साहेबाला विद्वान दाखवायचे तर त्यालाही तोच कोट घालावा लागतो. साहेबाचा कोट बाबासाहेबांनी घातला, असे आजवर लोक म्हणत आले. या पत्र्यावर बाबासाहेबांचा कोट साहेबाने घातला आहे. मला हे या चित्राचे सर्वांत मोठे यश वाटते, आणि ते काकांनी ठरवून केलेले नाही म्हणून अधिकच मोलाचे वाटते.

दुसरी हरकत तरुणांची होती आणि ती जास्त खोल होती. एक मुलगा तावातावाने म्हणाला, "आपण बुद्धाकडे आलो ते बाबासाहेबांमुळे. मग साहेबाचं सर्टिफिकेट कशाला? उद्या म्हणतील, यांचा धम्मसुद्धा पाद्र्याने शोधून दिला." दुसरा म्हणाला, "पाद्री आला होता आपल्याला ख्रिस्ती करायला. त्याने विठोबात बुद्ध पाहिला, त्यात त्याचा मतलब होता."

या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. स्टीव्हन्सन मिशनरी होता. ब्राह्मणी धर्म हा या देशाचा मूळ आणि एकमेव धर्म नाही, त्याच्या खाली जुने थर आहेत, हे दाखवण्यात त्याला धर्मप्रचारकाचाही रस असणे स्वाभाविक होते. मोकळ्या केलेल्या जागेत त्याला येशूला बसवायचे होते. शिवाय त्याच्या काळात बौद्ध आणि जैन यांचा इतिहास युरोपियन पंडितांनाही धड उलगडलेला नव्हता. प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली १८३७ मध्ये, आणि हा लेख आला १८४३ मध्ये. म्हणजे अवघ्या सहा वर्षांनी. तेव्हा त्याचा सिद्धांत हा शोधाच्या पहाटेचा सिद्धांत आहे. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ मध्ये आला. त्यात विठ्ठलाच्या मुळाशी गवळी-धनगरांचा देव दाखवला आहे आणि वैष्णव, बौद्ध, जैन अशा अनेक धाग्यांचा विचार केला आहे. प्रश्न अजून अभ्यासाचा आहे. एका पाद्र्याच्या नावाने तो मिटत नाही.

मी तरुणांना आणखी एक गोष्ट सांगितली. समजा, उद्या सिद्ध झाले की विठोबाचा आणि बुद्धाचा काडीचा संबंध नाही. मग १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा खोटी पडेल काय? आपण नागपूरला धम्म स्वीकारला तो विठोबा बुद्ध होता म्हणून नव्हे. माणसाला माणूस मानणारा तो धम्म होता म्हणून. कालामसुत्तात बुद्धाने सांगितलेली कसोटी हीच आहे की ग्रंथात आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. ज्या विहाराच्या भिंतीपलीकडे हे सुत्त वाचले जाते, त्याच्या वाचनालयात पाद्र्याचे चित्र पुरावा म्हणून टांगणे धम्माला धरून नाही. बाबासाहेबांचे म्हणणे त्यांच्या स्वतःच्या विचारावर उभे आहे. १९४८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते हे त्यात मांडले आणि तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. साक्षीदार म्हणून त्यांना आधी आपली माणसे आठवली.

मग चित्र नकोच काय? येथपर्यंत माझेही मत तिकडेच झुकत होते. ते फिरवले एका म्हाताऱ्या बाईने. त्या रोज संध्याकाळी वंदनेला येतात. चित्र पाहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यो कुणाचं ऐकाया लागलाय?"

कोणाला उत्तर देता आले नाही. आम्ही सर्वांनी कोट पाहिला, कॉलर पाहिली, हाताची मापे काढली. डोळे कोणीच पाहिले नव्हते. बाई पुढे म्हणाल्या, "सायेब खुर्चीवर बसलाय आन् वर बघतोय. म्हंजी सांगणारा हुबाच असंल."

मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, "आजी, तसं मनात धरून नव्हतं काढलं. पुस्तक लिवणारा माणूस कुणाला तरी इचारणारच की, म्हणून नजर बाहेर टाकली."

त्या एका प्रश्नाने चित्राचा आशय उघडा झाला, आणि मला वाटते, त्या पाद्र्याच्या विद्वत्तेचाही. स्टीव्हन्सनने मराठीचे व्याकरण लिहिले. स्कॉटलंडात जन्मलेल्या माणसाला मराठी कोणी शिकवली? सामवेदाचे भाषांतर केले. वैदिकांच्या मदतीवाचून ते होणे शक्य नव्हते. विठ्ठलभक्तांवर लिहिले, वारकऱ्यांकडून ऐकले असेल, पोथ्यांतून वाचले असेल. आणि वेताळ? गावाबाहेरच्या वेताळाची माहिती शास्त्र्याच्या पोथीत नसते. ती असते गावकुसाबाहेर राहणाऱ्याकडे, रखवालदाराकडे, ज्याच्या दाराशी ते दगड असतात त्याच्याकडे. आज पुस्तकावर नाव आहे साहेबाचे. ज्याने उभ्याने सांगितले त्याचे नाव नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाचे तेच. तोही पंडितांच्या मदतीने झाला. त्या कोशात 'दलित' हा शब्द आहे. अर्थ दिला आहे भरडलेला, तुकडे झालेला. शब्द होता. त्या शब्दाची माणसेही तेव्हा पुण्यात होती. कोशासाठी त्यांना किती जणांनी विचारले असेल? १९३८ मध्ये अलेक्झांडर रॉबर्टसनने महारांवर एक सबंध पुस्तक लिहिले. पिढ्यान् पिढ्या आपण सांगत आलो आणि दुसरे लिहीत आले.

येथे एक तुलना मला टाळता येत नाही. १८४२ मध्ये या पाद्र्याच्या सामवेदाचे भाषांतर बाहेर पडले. धर्मशास्त्राच्या हिशेबाने तो म्लेंच्छ. पण त्याच्या हातात सत्ता करणाऱ्यांची भाषा होती, म्हणून वेद त्याच्यापर्यंत पोचले. आणि १८५५ मध्ये याच पुण्यात, जोतीरावांच्या शाळेत शिकणारी मुक्ता नावाची चौदा वर्षांची मांग मुलगी, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते. मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'ने तो छापला. वेद आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात, मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा प्रश्न आहे. साहेबाने वेदाचे भाषांतर केले. मुक्ताने वेदाला प्रश्न विचारला. शाळेत तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने तेरा वर्षांच्या अंतराने त्या सगळ्या पांडित्याच्या मर्मावर बोट ठेवले. यातले मोठे काम कोणते?

तेव्हा उभ्याने सांगणाऱ्यांपैकी एकीने हातात टाक घेतला, तो दिवस या शहरात १८५५ मध्येच उगवला होता. १८८८ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांचे 'विटाळ विध्वंसन' आले. पुढे बाबासाहेब आले आणि सांगणारा व लिहिणारा हे अंतरच त्यांनी पुसून टाकले. काकांच्या चित्रात मागे पर्वती आहे. त्या पर्वतीच्या देवळासाठी १९२९ मध्ये आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला. पंढरीच्या विठोबाबद्दल लंडनच्या नियतकालिकात लेख छापून आल्यावरही शंभरहून अधिक वर्षे चोखोबाची माणसे त्या देवळाबाहेरच राहिली. १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा दार उघडले. ज्ञान वाढल्याने दार आपोआप उघडत नाही, हे त्या पायऱ्या पाहणाऱ्याला सांगतात. काकांनी पायऱ्या बहुधा केवळ पुणे ओळखू यावे म्हणून काढल्या असतील. पण चित्रकाराच्या हेतूपेक्षा चित्र अनेकदा जास्त बोलते.

म्हणून माझे मत मी असे दिले. हे चित्र वंदनेच्या ओळीत लावू नये. बुद्ध, फुले, सावित्रीबाई, शाहू, बाबासाहेब या रांगेत त्याला जागा नाही. त्याची जागा वाचनालयाच्या टेबलासमोर आहे. त्याच्यापुढे हात जोडायचे नाहीत. त्याच्याशी वाद घालायचा. खालची 'फुले यांचे गुरू' ही ओळ पुसावी आणि त्या जागी साधी माहिती लिहावी: कोण होता, काय लिहिले, कोणत्या साली. कॉलर दुरुस्त करण्याच्या फंदात काकांनी पडू नये. कोटाला तर हात लावूच नये. साहेब ऐकतो आहे असे दाखवणारी चित्रे आपल्या देशात फार थोडी आहेत. साहेब बोलतो, आज्ञा करतो, तह करतो. आणि ज्ञान हे ऐकण्यातून येते, एवढे तरी त्या डोळ्यांवरून वाचनालयातल्या मुलाने शिकावे. आपल्यातही आता विद्वान झाले आहेत. आपण तरी उभ्याने सांगणाऱ्या बाईचे ऐकतो काय, हा प्रश्न मी मलाही विचारला. कारण दोन संध्याकाळी बसून मला जे दिसले नव्हते, ते तिला एका नजरेत दिसले.

समितीने माझे सगळे मानले असे नाही. दोघांचा विरोध कायम आहे आणि तो नोंदवून ठेवला आहे. तसाच तो राहावा. चित्र मात्र टेबलासमोर लागले. ओळ पुसली गेली. नवी माहिती काकांच्या नातीने लिहून दिली आणि काकांनी पाटीच्या सुबक अक्षरांत ती रंगवली.

निघताना मी काकांना म्हटले, "काका, ज्या बाजूला साहेब बघतो आहे त्या बाजूला एक पत्रा लावायला जागा आहे. तिथे मुक्ताला काढा."

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, तिचा फोटू न्हाई. चौकटी कशावर पाडू?"

"साहेबाला काढलं ते चौकटींवाचूनच की."

"साहेबाचं वेगळं होतं. त्याचा चेहरा चुकला तर चुकला," काका म्हणाले. "हिचा चुकवून चालायचं न्हाई."

त्यांच्या या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या माणसाचा चेहरा चुकू नये ही जी भीती आहे, तीत आपल्या कलेची सगळी बांधिलकी आहे, आणि तिचे ओझेही आहे. पण चोखोबाचा चेहरा कोणी पाहिला होता? मुक्ताचे शब्द मात्र आपल्याकडे आहेत, आणि चेहरा शब्दांतूनही काढता येतो. काकांनी तिचा निबंध नातीकडून मोठ्याने वाचून घ्यायला सुरुवात केली आहे, असे परवा कळले. पत्रा अजून कोराच आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्या वस्तीत, विहारात, तालमीत, समाजमंदिरात असे हाताने रंगवलेले पत्रे अजून असतील. गंजलेले असतील, फ्लेक्सच्या मागे झाकले गेले असतील. ते भंगारात जाण्याआधी एकदा पाहा. खाली कोपऱ्यात पेंटरची सही असेल तर लिहून घ्या. नसेल तर आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि विचारताना शक्य असेल तर त्यांना बसायला खुर्ची द्या, आपण उभे राहा.